गेणूनं डोळ्यांनी ऐकलेला बोलपट

लोणावळ्यात बोलपट आला तेव्हा सगळं गाव पत्र्याच्या थिएटराकडे धावलं, एक गेणू सोडून. "बहिऱ्यापुढं गाणं, काय उपेग?" असं तो हसत म्हणायचा, पण त्या हसण्यात जीव नसायचा.

खंडाळ्याच्या घाटात वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकता टाकता त्याचे कान गेले. पुढे विजेची इंजिनं आली, घाट शांत झाला, पण गेणूला त्याचं काय! तरुणपणी नाटकातली पल्लेदार भाषणं अंगणात ठोकणारा हा गडी आता चार माणसांत तोंड मिटून बसे. भलतंच उत्तर दिलं आणि हसं झालं तर, ही धास्ती. हळूहळू तो घरातही बोलेनासा झाला. बायकोला, सरुबाईला, भांडायलासुद्धा माणूस उरला नाही.

त्याच्या लाडक्या नाटकावर बोलपट निघाल्याचं कळलं तेव्हा तिनं पदर खोचला. "नुसतं बगा. गोष्ट तर ठावं हाय न्हवं?" आणि रविवारी दुपारच्या खेळाला त्याला ओढतच नेलं. तो मागे पुरुषांत, मित्र चाँदभाईशेजारी बसला. ती पुढे पडद्याजवळ, बायकांत.

खेळ सुरू झाला आणि कर्णा असा घरघरला की सगळे शब्द भरडून निघाले. "आवाज! आवाज!" लोक ओरडले. गेणूला त्याचा पत्ताच नव्हता. नाटकात नट दूर, मिणमिणत्या उजेडात. इथं राजाचं तोंड दाराएवढं! इंजिनाच्या धडधडाटात ड्रायव्हरचे ओठ वाचून त्यानं नोकरी केली होती. हे ओठ तर आंधळ्यालाही दिसले असते.

"राणी, आजपासून तुझ्याशी अबोला!" तो भान विसरून गरजला.

चाँदभाई दचकलाच. "आरं, तुला कसं कळलं?" मग काय विचारता! मागचेपुढचे सगळे गेणूकडे वळले. राजा रागावला की गेणू रागावे, दासी लाजली की मिशीवाला गेणू लाजे. हशा त्याला ऐकू येत नव्हता, पण हलणारी पोटं दिसत होती. त्याचा आनंद गगनात मावेना.

पण बोलपटवाल्यांनी नाटकाचा शेवट बदलला होता. राजाच्या तोंडचं गेणू गरजला, "माझ्या अबोल्यात तू काय केलंस?" आणि राणी पाठ फिरवून बोलली. ओठ दिसेनात. सगळी तोंडं गेणूकडे. आता झालं हसं.

त्याचा आवाज थांबला तशी सरुबाईनं मागं वळून पाहिलं. ती सरळ बाकावर उभी राहिली. मागून पडद्याकडे येणाऱ्या झोतात तिचे ओठ सावकाश हलले. गेणूनं ते वाचले आणि छाती भरून म्हणाला, "तुमी बोलायचं सोडलं. मी वाट बगायची न्हाई सोडली!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. "राणी आपल्या मावळातली दिसतीया!" चाँदभाई डोळे पुसत हसला.

बाहेर लख्ख ऊन होतं. गेणूनं विचारलं, "राणी खरंच आसं म्हनली?"

"मला काय ठावं? पुडं बसूनबी नुसती घरघर."

गेणू भर बाजारात थबकला. तिच्याकडे बघत राहिला.

"पुन्यांदा म्हन."

"हितं? येवढ्या मान्सांत?"

"व्हय. मोठ्यानं म्हन. मला ऐकू येत न्हाई."

आणि सरुबाईनं खरोखरच मोठ्यानं म्हटलं.