चार नंबर जागेवर आहे

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, बरोबर खेळलेल्या मित्रांनाही नाही. आमच्या सरांना कॉलेजनं काढलं असं सगळे म्हणतात. कॉलेजनं नाही काढलं, मी काढलं. आणि ज्या रीतीनं काढलं, त्याला बरा शब्द माझ्याकडं नाही.

सर म्हणजे आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. मैदानावर आले की आधी चपला काढायचे आणि अनवाणी एक पूर्ण फेरी मारायचे. पायाला लागेल तो खडा उचलून शर्टाच्या खिशात टाकायचे. फेरी संपेपर्यंत खिसा लोंबायला लागायचा. मग गोलपोस्टमागं खिसा रिकामा करून, हात झटकून म्हणायचे, "चला मियाँ, पान वाढलंय. बसा जेवायला."

ते सगळ्यांनाच मियाँ म्हणायचे. वडील रेल्वेत गँगमन, घर मुकुंदवाडीला, स्टेशनला लागून. फुटबॉल शिकले ते छावणीत, जवानांचा खेळ कुंपणाबाहेरून बघून. बोलणं मात्र शेवटपर्यंत घरचंच राहिलं. पुढं गेलेला आणि बचावाला परत न फिरणारा खेळाडू दिसला की ओरडायचे, "ओ पाहुणे, चहा घेऊन जा आता! लई दिवसांनी आलात!"

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. गावभर ओळख, आणि कॉलेजच्या कागदावर मात्र वर्षावर्षाचा करार.

मी त्यांच्या संघात डावा बचावपटू होतो. सराव सुरू होण्याआधी ते आम्हा अकरा जणांना आपापल्या जागी उभं करायचे आणि डोळे मिटायला लावायचे. मग एकेकाला विचारायचे, "तुझा उजवा गडी कुठंय? बोट दाखव." बोट चुकलं की सगळा संघ एक फेरी पळायचा. "मैदान डोळ्यात नाय, डोक्यात पाहिजे." आम्ही वैतागायचो. पण त्या वर्षांत विद्यापीठाचा करंडक आमच्या कॉलेजातून हललाच नाही. मिरवणूक निघाली की आम्ही त्यांना खांद्यावर घ्यायचो आणि ते वरून ओरडायचे, "अरे खाली उतरवा रे, चप्पल पडली!"

पुढं मी त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागलो आणि क्रीडा समितीवरही आलो. विद्यार्थ्यांसमोर सर मला 'सर' म्हणायचे, एकटे असलो की 'मियाँ'. तोवर करंडक आमच्याकडं यायचा थांबला होता. दुसऱ्या कॉलेजांत नवे, शिकलेले प्रशिक्षक आले होते. आमचे सर तेच, खिशात खडे भरणारे. आम्ही आधी अंतिम सामन्यात हरायला लागलो, मग उपांत्य, मग पहिल्याच फेरीत.

असंच एकदा हरलो, त्या दिवशी निघताना ते बाजूला उभ्या असलेल्या लाइनमनवर जाऊन आदळले. त्याचा झेंडा पडला. त्यानं शिव्या दिल्या, सर हसले. मग मला कडुनिंबाखाली घेऊन गेले.

"कुणाला बोलू नको. काचबिंदू हाय. मधलं दिसतं, कडा गेल्या. पाइपातून बघितल्यावानी."

"ऑपरेशन?"

"गेलेलं परत येत नाय म्हणे. आहे तेवढं टिकवायचं." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "रडतो काय येड्या. उलट बरंय. बाजूनं कोण येतं ते दिसतच नाय. माझ्यापुरते सगळे समोरूनच येतात. लई इमानदार दुनिया झाली."

पुढच्या सामन्यापासून मी त्यांच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसायला लागलो. ते मधलं बघायचे, मी कडा सांगायचो. "डावीकडून दोघं आले, सर." "उजवा पुढं गेलाय, मागं मोकळं आहे." मी हळू बोलायचो, ते मोठ्यानं ओरडायचे. बघणाऱ्याला वाटायचं, प्राध्यापक शेजारी बसून गप्पा मारतायत. मैदान त्यांच्या डोक्यात होतंच, त्यांना फक्त कोण कुठं आहे ते सांगावं लागायचं. दोन हंगाम असे गेले. एक-दोन सामने जिंकलोही. खरं सांगतो, मला ते आवडत होतं. वर्गात मुलं माझ्याकडं बघत नाहीत. इथं एक माणूस माझ्या शब्दावर अकरा मुलं हलवत होता.

अशा माणसाला थांबवायचं ते नेमकं कधी? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता उत्तर पाठ झालंय. त्या कडुनिंबाखालीच. "सर, आता पुरे. बाहेरून मदत करा, मी बरोबर आहे," एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोलले नसते, आणि मानानं घरी गेले असते. मी ते म्हणालो नाही. त्याला मी माया समजत होतो.

प्राचार्यांना डोळ्यांचं माहीत नव्हतं, हरणं माहीत होतं. दर जूनमध्ये कराराचा कागद आला की ते मला बोलवायचे. "आणखी किती वर्षं? तुम्ही त्यांचे विद्यार्थी. तुमचं ऐकतील. बाहेरून कळण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं."

"बोलतो, सर," मी म्हणायचो.

मी मुकुंदवाडीला जायचोही. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पोहे आणायच्या. सर उंबऱ्यात बसून बूट शिवत असायचे, डोळ्याला लागेल इतके जवळ धरून. मी घसा साफ करायचो. तेवढ्यात ते म्हणायचे, "मियाँ, औंदा कन्नड तालुक्याचं एक पोरगं आलंय. पाय बघ त्याचे. दोन वर्षं दे मला, करंडक आणतो." मी पोहे संपवायचो आणि परत यायचो. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना सांगायचो, "एक वर्ष मागतायत." त्यांनी कधी मागितलेलं नव्हतं. त्यांना मागावं लागतंय हेच माहीत नव्हतं.

शेवटच्या जूनमध्ये प्राचार्य म्हणाले, "या वर्षी तुम्ही सांगितलं नाही तर मी शिपायाच्या हातून पत्र पाठवीन." मी म्हणालो, "सर, ऑक्टोबरचे सामने होऊ द्या. तुम्ही स्वतः या, बघा, मग ठरवा." हे बोलताना माझ्या मनात काय होतं, ते तेव्हा मी स्वतःलाही कबूल केलं नाही.

प्राचार्य आले. मांडवात पुढच्या रांगेत बसले, शेजारी संस्थेचे दोघं. सामना बरोबरीत होता. ऊन कडक. मी माझ्या खुर्चीवर, सरांच्या डाव्या हाताला. उत्तरार्धात पलीकडच्या कडेला आमचा चार नंबर, तेच कन्नडचं पोरगं, प्रतिस्पर्ध्याच्या पायात अडकून कोसळलं. घोटा धरून लोळायला लागलं. बॉल तोवर दुसऱ्या टोकाला गेला होता, पंचांचं लक्ष तिकडं. सरांचंही.

"पलीकडं काय?" सरांनी विचारलं.

मला दिसलं होतं. स्वच्छ दिसलं होतं.

मी मांडवाकडं पाहिलं.

"अरे मियाँ, चार नंबर कुठंय?"

मी म्हणालो, "चार नंबर जागेवर आहे, सर."

सर उठले. दोन्ही हात तोंडाशी धरून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "चार नंबर! पळ! वर जा, वर! अरे झोपलास काय?"

पोरगं जमिनीवरूनच ओरडलं, "सर, मी पडलोय!"

मांडवात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, चष्मा!" आणि सर त्याला शोधायला लागले. मान डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. एवढं मोठं पोरगं, पांढरी जर्सी, समोर पडलेलं, आणि त्यांना ते सापडत नव्हतं. हसणं हळूहळू थांबलं. ते थांबलं तेव्हा सगळ्यांना कळलं होतं. मी प्राचार्यांकडं पाहिलं. ते खाली बघत होते.

मला जे दोन वर्षांत बोलता आलं नव्हतं ते अर्ध्या मिनिटात झालं होतं, आणि त्यासाठी मला चार शब्दच खर्चावे लागले.

सामना संपल्यावर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रागावतील म्हणून मी अंग आवळून उभा होतो. ते म्हणाले, "ऊन लई होतं आज. तुलाबी दिसलं नसंल. मनाला लावून घेऊ नको."

मी म्हणालो, "हो सर, ऊन होतं."

समितीपुढं त्यांना बोलावलं तेव्हाही ते तेच बोलले. "चूक माझी. डोळे माझे गेलेत, मी लपवलं. ह्या सरांचा काही संबंध नाय. ते बिचारे मदत करत होते." सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. राजीनामा त्यांनी मलाच लिहायला सांगितला. तब्येतीच्या कारणास्तव, असं मी लिहिलं. त्यांनी पेन घेतलं आणि विचारलं, "सही कुठं?" मी त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. सही वाकडी आली. "चालतंय ना?" म्हणाले. मी म्हणालो, "चालतंय."

निरोप समारंभ नको म्हणाले. चपला हातात घेऊन मैदानावरून गेले, पण फेरी मारली नाही.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलेलो नाही. सुरुवातीला फोन यायचे, "मियाँ, संघ कसाय?" मी वर्गात आहे म्हणायचो. मग फोन बंद झाले.

मागच्या महिन्यात मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावर ते दिसले. काकू भाजीवाल्याशी बोलत होत्या, सर दोन पावलं अलीकडं, हातात पिशवी घेऊन उभे. मी चालत होतो, पुढं गर्दी होती, थांबावं लागलं. थांबलो तो बरोबर त्यांच्या समोर, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर. ते माझ्याकडंच बघत होते. आता मधलंही गेलं असावं. पण कुणीतरी समोर थांबलंय हे त्यांना जाणवलं. चेहरा जरा पुढं केला, हसले.

"कोण हाय? बोला की."

मी बाजूनं निघून गेलो. मागून काकूंचा आवाज आला, "कुणाशी बोलताय?" आणि त्यांचा, "कुणी नाय. वाटलं."

हे लिहून काही फिटत नाही, ते मला माहीत आहे. सरांना वाचता येत नाही आता, आणि त्यांना हे कुणी वाचून दाखवलं तर तो पुन्हा माझाच पळपुटेपणा. मला मुकुंदवाडीला जायचं आहे, त्यांच्यासमोर बसायचं आहे आणि सांगायचं आहे की सर, दोष उन्हाचा नव्हता, चार नंबर पडलेला मला दिसला होता. हे एवढं त्यांचं माझ्याकडं राहिलं आहे. मी अजून गेलेलो नाही.