महालक्ष्मीच्या डोंगरावरचे ससाणे

लहानूला मी चारचौघांत खोटं पाडलं, ही चूक माझीच. मोहाच्या फुलांचा वास आला की ती आठवते.

साठ सालच्या सुमारास तो कैनाड गावी आमच्या चिकूच्या वाडीत कामाला होता. एकदा म्हणाला, “फागुन सरताना, मोह फुलला की ससाणे महालक्ष्मीच्या डोंगरावरून उत्तरेला जातात. थवेच्या थवे.”

“लहानू, ताडी जास्त झाली,” मी म्हणालो. गडी हसले.

“उद्या चल शेट,” एवढंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी आम्ही माथ्यावर बसलो. ऊन तापलं, कातळावरून गरम वारा उठला आणि पंख न हलवता एक ससाणा वर चढला. मग दहा, मग आभाळभर. काही आमच्या पायांखालून आले. त्यांच्या पिंगट पाठी मी वरून पाहिल्या. मी मोजू लागलो.

“मोजतो काय? बघ,” लहानू म्हणाला.

असा माणूस आपल्या गावचा, याचा मला आजही अभिमान आहे. पण खाली येऊन मी गप्प राहिलो. मी मालकाचा मुलगा, गड्यांसमोर चूक कबूल करणं मला जड गेलं, आणि गडी त्याला ‘ससाणा’ म्हणून चिडवत राहिले.

पाच वर्षांनी, सगळे वाडीत जेवायला बसले असताना मी उभा राहिलो. “लहानू खरं बोलला होता. मी डोळ्यांनी बघूनही गप्प बसलो. लहानू, मला माफ कर.”