सरळ रस्त्यावरचा वळसा

"रस्त्यावर काईच नोतं, मॅडम. मंग तो ऑटो आमच्या आंगावर काहून आला?"

आसेगावचा तो शेतकरी माझ्या टेबलासमोर उभा होता. मोटारसायकलवर मागे बसलेल्या त्याच्या बायकोच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ती अजून दवाखान्यातच होती.

मी नगर परिषदेत अभियंता. शहरातले रस्ते माझ्याकडे. अपघात झाला त्या रस्त्याचं रुंदीकरण मी बदलून येण्याआधीच झालेलं. सरळ, सपाट, एक खड्डा नाही. तरी एकाच जागी गाड्या समोरासमोर धडकत होत्या.

मुख्याधिकारी साहेब म्हणाले, स्पीड ब्रेकर टाका आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, आधी पाहून येते.

भर दुपारी तिथल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. रस्ता सुनसान. एक ऑटो आला. त्या जागी उजवीकडे सरकला, समोरून येणाऱ्यांच्या बाजूत शिरला आणि पुढे जाऊन परत डावीकडे आला. बऱ्याच वेळाने एक सायकलवाला आला. त्यानंही तेच केलं. मग दूधवाल्यानं. कुणी खाली पाहत नव्हतं, कुणी वेग कमी करत नव्हतं. मधे काहीतरी उभं असावं आणि ते फक्त मलाच दिसत नसावं, असं वाटलं.

एका ऑटोवाल्याला थांबवून विचारलं. तो म्हणाला, मी तर सरळच आलो. खोटं बोलत नव्हता.

शेवटी टपरीवाल्या काकूंना विचारलं, इथं पूर्वी काय होतं?

"निंब होता ना," त्या म्हणाल्या. "मोठा. रस्ता रुंद केला तवा तोडला. लोक अजून त्याले वळसा घालून राह्यले."

म्हणजे गावातला माणूस वळायचा, आणि बाहेरगावचा सरळ येऊन त्याच्यावर आदळायचा. सवय म्हणतात ती हीच, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलं.

पण साहेब माझ्यानंतर बदलून आलेले. त्यांनी ते झाड कधी पाहिलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांची गाडी माझ्या पुढे होती. त्यांच्या पुढे कोणी नव्हतं. गाडी तिथं उजवीकडे सरकली. मागोमाग माझी स्कूटीही.

हे मी रिपोर्टमध्ये लिहिलं नाही.

स्पीड ब्रेकरऐवजी मी दुभाजक मागितला, म्हणजे रस्त्याच्या मधोमध सिमेंटचा कठडा. ज्याला वळायचं त्यानं आपल्याच बाजूत वळावं. साहेबांनी काही न विचारता सही केली. अपघात थांबले. त्या शेतकऱ्याची बायको आता काठी घेऊन चालते. वळणारे अजून वळतात.

तेव्हापासून कुठं झाड तोडून रस्ता रुंद केला, तर दुभाजक झाल्याशिवाय मी तो सुरू करू देत नाही.