‘तुमी कुणापैकी?’

बापूदादाच्या घरी पाहुणा टेकला की त्याला दोन गोष्टी मिळतात. चहा आणि वंशावळ. चहा संपतो! गेली तीन वर्षं आम्ही हरवलेले नातेवाईक शोधत फिरतोय. वहीत माणसं किती जमली ते दादाला विचारा. माझ्याकडे जमलेत ते किस्से. एक सांगायला घेतला की दुसरा त्याचं शेपूट धरून येतो.

दादा माझा थोरला चुलतभाऊ, एसटीतला रिटायर्ड ड्रायव्हर. आमची मूळ मंडळी सांगोल्याकडची, मेंढरं राखणारी. चाऱ्यामागं निघाली आणि जिथं पाणी लागलं तिथंच राहिली. एका लग्नात एका म्हातारीनं दादाला विचारलं, “तू कुणापैकी रं?” दादाला आजोबाच्या वरचं एक नाव सांगता येईना.

“मिशा पिकल्या आन् बापजाद्यांची नावं ठावं न्हाईत व्हय!” म्हातारी म्हणाली.

ते दादाला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दोनशे पानी वही आणली. तेव्हापासून आमची टीम अशी : स्टिअरिंगवर दादा, वही घेऊन मी (शाळामास्तर होतो, अक्षर बरं आहे) आणि मागच्या सीटवर सोनाआत्या, आमच्या दोघांच्या वडिलांची धाकटी बहीण. वय ऐंशी. गाडी लागते म्हणून तोंडात कायम लवंग.

*

पहिला नातेवाईक सापडला तो लांब कुठं नाही, इथं सोलापुरातच, नवी पेठेत! तिथल्या एका चादरीच्या दुकानात मी वीस वर्षं जातोय. दुकानदाराशी दर वेळी कडाकडा भांडून भाव पाडायचा आणि विजयी मुद्रेनं घरी यायचं. एकदा दादा सोबत होता. त्यानं सवयीनं विचारलं, “तुमचं मूळ गाव कुठलं?”

अर्ध्या तासात तो आमच्या पणजोबांच्या सख्ख्या भावाचा पणतू निघाला. गळाभेट झाली, सोडा आला. निघताना मी चादरीचा भाव विचारला.

“तुम्हाला काय भाव सांगायचा? घरचं दुकान हाय. द्या काय द्यायचं ते!”

झालं! तेव्हापासून मला चादर महाग पडते.

*

वैरागला तर वेगळीच तऱ्हा. तिथं आमच्याच आडनावाचे एक आबा राहतात असं कळलं. आम्ही थेट जाऊन धडकलो. आबांनी भाकरी, आमटी, शेंगाचटणी असं पोटभर वाढलं. जेवणानंतर मी पाच पिढ्या भराभर उतरवून घेतल्या. शेवटी कुलदैवत विचारलं, आणि घोटाळा झाला. देव वेगळा, गाव वेगळं, जातसुद्धा वेगळी. नुसतं आडनाव एक!

मी हळूच वही मिटली. दादा ओशाळून उभा राहिला. “आबा, माफ करा. आमचं चुकलं.”

“काय चुकलं?” आबा म्हणाले. “भाकरी खाल्ली न्हवं? आता नातं न्हाय म्हणून कसं चालंल?”

चार महिन्यांनी त्यांच्या नातीच्या लग्नाची पत्रिका आली. आम्ही गेलो. मांडवात आबा आमची ओळख करून देत होते, “हे आमचे चुकून झालेले पावणे!” आणि आम्हाला पहिल्या पंगतीला बसवत होते.

त्या उन्हाळ्यात आमच्या खऱ्या भावकीत तीन लग्नं झाली. पत्रिका एकाचीही नव्हती!

*

अक्कलकोटच्या पलीकडं आमची एक शाखा आहे, ती घरात कन्नडच बोलते. तिथली गौरव्वा म्हणजे सोनाआत्याच्या नात्यातली चुलतबहीण. तिला मराठी येत नाही, आत्याला कन्नड येत नाही. मी म्हटलं, आता कसं व्हायचं? तर दोघी ओट्यावर बसल्या आणि तीन तास बोलल्या! ही मराठीत, ती कन्नडमध्ये. मध्येच हसायच्या, मध्येच पदर डोळ्याला लावायच्या. निघताना गौरव्वानं आत्याच्या ओटीत खोबरं घातलं.

गाडीत मी विचारलं, “आत्या, तुला काय कळलं?”

“सगळं कळलं की.”

“कन्नड?”

“आरं, सुनंबद्दल बोलत हुती. त्याला काय भाषा लागती व्हय?”

*

यानंतरचा किस्सा निघाला की दादा अजूनही उठून चहा टाकायला जातो.

पहिल्या वर्षाच्या शेवटी आम्ही सोलापुरात भावकीचं संमेलन घेतलं. हॉलमध्ये वंशावळीचं मोठं फ्लेक्स लावलं. लोक आपापलं नाव शोधून त्याच्याखाली फोटो काढत होते. सोनाआत्या चष्मा लावून, बोट फिरवत, बराच वेळ वाचत होती.

“बापू, माझं नाव कुटं हाय?”

“आत्या, लेकींची नावं सासरच्या वंशावळीत असतात.”

“सासरचा कागद मी बघितलाय. तितं नवऱ्याखाली डायरेक्ट पोरं हायती. हितं न्हाय, तितं न्हाय. मग मी काय रेशनकार्डावर जन्मले व्हय?”

बाया हसल्या. आत्या हसली नाही. दादानं शिडी मागवली आणि सगळ्यांसमोर फ्लेक्स उतरवलं.

पुढचे सहा महिने आम्ही फक्त बायकांची नावं शोधली. तुझ्या आजीचं नाव काय, असं विचारलं की भलेभले ‘विचारून सांगतो’ म्हणत फोन ठेवायचे. आमच्या एका खापरपणजीचं नाव तर कुणालाच सांगता येईना. सगळे तिला ‘मोहोळवाली’ म्हणत. आत्या म्हणाली, “तसंच लिव्ह. नाव गेलं, गाव तरी ऱ्हाऊ दे.”

नवं फ्लेक्स पहिल्याच्या दुप्पट झालं. प्रिंटिंगवाला चक्रावला. “काका, एवढी माणसं एकदम कुठून आली?”

दादा म्हणाला, “घरातच होती.”

*

श्रीपूरला आमच्या नात्यातले दोन सख्खे भाऊ. थोरला साखर कारखान्यातून रिटायर झालेला, धाकट्याचा ऊस. दोन घरांत एकच भिंत. बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून दोघांत बोलणं बंद झालं, त्याला एकोणीस वर्षं झालेली. झाड वाळून गेलं तरी अबोला हिरवागार!

आम्ही थोरल्याकडे चहा घेतला. मग धाकट्याकडे जाऊन पुन्हा घेतला. नावं लिहून झाल्यावर दादानं दोघांना अंगणात बोलावलं. “वहीला एक फोटो पाहिजे. एका बापाची पोरं एका फोटोत.”

दोघे आले. मध्ये म्हैस बसेल एवढं अंतर ठेवून उभे राहिले. मी मोबाईल धरून म्हटलं, जरा जवळ या. एक पाऊल सरकले. अजून जरा. अजून एक. खांद्याला खांदा लागला तसा थोरला समोर बघत मला म्हणाला, “मास्तर, त्येला म्हणावं पोट आत घे.”

मी काही म्हणायच्या आत धाकटा थेट त्याच्याकडे वळला. “तुजं काय लई आत हाय?”

दोन्ही घरांतल्या बायका कामं टाकून दारात आल्या. फोटो हलला आहे. तोच वहीत चिकटवलाय.

*

आणि हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

माझे वडील आणि दादाचे वडील यांच्या पाठीवर आणखी एक भाऊ होता, बिरू. आमचा हा काका आम्ही कधी पाहिलाच नाही. सोळा वर्षांचा असताना रानात त्याचा डोळा लागला आणि लांडग्यानं सात कोकरं मारली. आमचे आजोबा, त्यांना सगळे तात्या म्हणत, फार कडक. तात्या म्हणाले, “पुन्हा तोंड दाखवू नगंस.” बिरू घोंगडं घेऊन निघाला, तो निघालाच. त्याच्यानंतर घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही. सोनाआत्या तेव्हा बारा वर्षांची होती.

मागच्या हिवाळ्यात दादाला एक हेळवी भेटला. हेळवी म्हणजे गावोगाव फिरून कुळांच्या पिढ्या चोपडीत लिहिणारे आणि वाचून दाखवणारे लोक. त्यानं आमचं पान काढलं, वाचत वाचत खाली आला आणि म्हणाला, “ह्यो बिरू हाय की! हद्दीपलीकडं, कर्नाटकात. परवाच त्येचा नातू लिवला मी.”

आम्ही आत्याला घेऊन निघालो.  वाटेत तिनं लवंगही मागितली नाही.

पत्र्याचं घर, पुढं मेंढ्यांचा वाडा. काकाचा मुलगा आमच्याएवढाच, मराठी मोडकी. तो म्हणाला, “बाबाचं वय झालं. आताचं कमी कळतंय, जुनं सगळं कळतंय.” आत खाटेवर एक म्हातारा बसला होता. नाक अगदी माझ्या वडिलांचं.

आत्या त्याच्या शेजारी बसली. त्याचा हात हातात घेतला. “बिरूदादा, मी सोनी.”

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं आणि आवाज बारीक करून म्हणाला, “सोने, तात्या आजून रागात हाय का गं?”

तात्यांना जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती. त्याचा मुलगा काही सांगायला पुढं झाला. आत्यानं हातानंच त्याला थांबवलं.

“न्हाय रं दादा. सकाळीच म्हणत हुता, बिऱ्या आजून जेवायला कसा आला न्हाय?”

बिरूकाका उठला आणि खाटेखाली पायानं चपला चाचपू लागला.