बाराव्या महिन्यातले पाहुणे

माझ्या थोरल्या साडूंइतका भाडेकरूला घाबरणारा घरमालक अख्ख्या वर्धा जिल्ह्यात नसेल, आणि असलाच तर तो त्यांच्याच ओसरीवर बसून शिकून गेलेला असेल. सिंदी रेल्वे या गावी वांगी-टमाटर पिकवता पिकवता त्यांनी घरामागे भाड्यासाठी दोन खोल्या काढल्या, आणि ‘कब्जा’ या एका शब्दाने त्यांची झोप उडाली. खोल्यांत शाळेतले एक गुरुजी राहायला आले. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते म्हणताच साडू गुरुजींच्या सासू-सासऱ्यांचेही फोटो घेऊन गेले. गुरुजींच्या बायकोने अंगणात तुळस लावली. उपटावी तर पाप, म्हणून साडू रोज पहाटे स्वतःच तिला पाणी घालू लागले. “झाड जगवणारा उद्या जमीन माह्यी म्हणते,” हे त्यांचे शास्त्र.

वकिलाने त्यांना सांगितले होते, करार अकरा महिन्यांचा करा आणि संपला की नवा करा. साडूंनी त्यातले पहिले अर्धेच ऐकले. म्हणजे बाराव्या महिन्यात गुरुजी भाडेकरू नव्हेत. मग कोण? पाहुणे! आणि पाहुण्याकडून भाडे घेणार तरी कसे? उलट त्या महिन्यात रोज ताजी भाजी आणि रविवारी पाटोडी-रश्शाचे जेवण. मेहुणीबाई कपाळाला हात लावून पोळ्या लाटायच्या.

मी म्हणालो, “भाऊजी, मुदतीच्या आत नवा करार करून नोंदवून टाका ना.”

“तुले कायद्यातलं काई समजत नाई. पाहुण्याले कोनी सही मागते का?”

अकरा महिने करार, मग महिनाभर पाहुणचार, मग पुन्हा करार, अशी काही वर्षे गेली. गुरुजींची मुलगी साडूंचे बोट धरून चालायला शिकली, त्यांना आबा म्हणू लागली. यंदा गुरुजींची बदली समुद्रपूरकडे झाली. साडू मला ओढतच वकिलाकडे घेऊन गेले.

“भाडेकरूले जाऊ न देण्याचा कायदा कोनता हाये?”

वकील म्हणाले, “असा कायदा नाही. त्यांनी रीतसर नोटीस दिली आहे, जाऊ द्या.”

मला हसू आले, पण साडूंचा चेहरा पाहून मी ते आवरले.

गुरुजींनी खोल्या झाडून-पुसून दिल्या, विजेचे बिलही भरले. सामानाचा टेम्पो वळणाआड गेला तरी साडू फाटकातच उभे होते.

“चांगले लोकं बिनतक्रार घर खाली करून देतेत,” ते म्हणाले, “हेच तं वाईट हाये.”