वैशाखात दाखवलेले शहर

पाहुण्यांना नागपूर डिसेंबरात दाखवावे, असा येथील शहाण्या लोकांचा संकेत आहे. तेव्हा संत्री असतात, हवा असते, आणि पाहुणा परत जाऊन चार चांगले शब्द बोलतो. गेली चाळीसहून अधिक वर्षे मी या शहरात राहतो. नोकरी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात झाली, निवृत्ती येथेच घेतली. या काळात आमच्या साताऱ्याकडचे जेवढे नातेवाईक आले, ते सर्व डिसेंबरातच आले. त्यांच्या समजुतीप्रमाणे नागपूर हे थंड हवेचे ठिकाण आहे.

गेल्या वर्षी मात्र धाकटा भाऊ, भावजय आणि पुतणी असे तिघे ऐन मे महिन्यात आले. पुतणीला येथील एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळाली होती. वेळ दुपारी बारा ते रात्री आठ. होकार किंवा नकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. मुलीला नोकरी हवी होती. भावाचा शब्द मिळत नव्हता. ‘आधी गाव बघतो, मग सांगतो,’ एवढेच त्याचे म्हणणे.

भावजयीने सुचवले होते की मुदत वाढवून घ्यावी आणि पावसानंतर यावे. भावाने ते मोडीत काढले. आमच्या वडिलांचा एक नियम होता: सोयरीक करायची असेल, तर त्या घरची विहीर वैशाखात बघावी, श्रावणात सगळ्यांच्याच विहिरी भरलेल्या असतात. त्या नियमाने वडिलांनी दोन चांगली स्थळे नाकारली आणि बहिणीला तिसऱ्या घरी दिले. तिचे बरे चालले आहे. तेव्हा भावाने फोनवर मला विचारले, “दादा, मे महिन्यातच येतो. चालेल?” मी म्हणालो, “तोच महिना योग्य आहे.” मला काय वाटते, हे त्याने विचारले नाही. मीही सांगितले नाही.

गुरुवारी सकाळी ते उतरले. भाऊ मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला आहे. शाळेची तपासणी करावी तशी त्याने फलाटावरूनच तपासणी सुरू केली. घरी येईपर्यंत त्याच्या दोन नोंदी झाल्या होत्या. चौकांत सिग्नलपाशी थांबणाऱ्यांसाठी हिरव्या जाळ्या बांधल्या आहेत, ही पहिली. दुसरी, दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात, हे रिक्षावाल्याकडून कळल्यावर त्याने केली. “म्हणजे इथे सिग्नलसुद्धा दुपारी झोपतात,” तो म्हणाला.

“माणसे झोपतात. सिग्नलने जागून काय करायचे?” मी म्हणालो.

मी त्यांना नियम सांगितले. सकाळी साडेपाच ते नऊ शहर आपले. नऊनंतर दारे-खिडक्या बंद, कूलर सुरू. संध्याकाळी साडेसहानंतर शहर पुन्हा आपले. बाहेर पडताना डोके आणि कान झाकलेले असावेत, पोटात पाणी आणि खिशात कांदा असावा. भावजयीने मान डोलावली. भावाने कांदा हातात घेऊन पाहिला.

“मी काय भेळवाला आहे?”

“खाऊ नकोस. खिशात ठेव, ऊन बाधत नाही.”

“दादा, माणदेशात पंधरा वर्षे शिकवलंय मी. ऊन मला सांगू नकोस.”

त्याने कांदा टेबलावर ठेवला. तो संध्याकाळच्या पिठल्यात गेला.

शुक्रवारी पहाटे मी त्यांना तर्री-पोह्यांच्या गाडीवर नेले. पोह्यांवर लालभडक, हरभरे घातलेला रस्सा ओततात, ही गोष्ट साताऱ्याच्या माणसाला आधी सांगून पटत नाही. भावाने बशी नाकाजवळ नेली. “पोह्यांनी काय गुन्हा केला होता?” असे त्याने विचारले. मग पहिला घास घेतला. त्याचे कान लाल झाले. गाडीवाल्याने त्याच्याकडे पाहिले आणि न विचारता दुसरी पळी ओतली.

“नाई जमत असन त सांगा, काका. साधे पन देतो,” गाडीवाला म्हणाला.

“जमतंय,” भाऊ म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. पुतणी मात्र तिसरी पळी मागत होती.

तेथून दीक्षाभूमीवर गेलो. त्या मोठ्या घुमटाखाली भाऊ शांत बसला. शिक्षक माणूस, भिंतींवरचा शब्द न शब्द वाचून मगच उठला. नंतर मेट्रो दाखवली. मेट्रो गार असते. खापरीपर्यंत गेलो, तेथे त्याने समोर उभ्या असलेल्या परतीच्या गाडीत बसण्याचा आग्रह धरला, सीताबर्डीला आल्यावर ‘दुसरी बाजू राहिली की’ म्हणाला. असे आम्ही नऊ वाजून गेले तरी फिरत होतो. मेट्रोतून दिसणाऱ्या शहराविषयी त्याचे मत अनुकूल झाले. तसे मी बोलून दाखवताच ते पुन्हा प्रतिकूल झाले.

दुपारी तो कूलरसमोर आडवा पडला आणि छताकडे पाहत म्हणाला, “हे सगळं ठीक आहे. पण तू आम्हांला सकाळ-संध्याकाळ दाखवतोस. पोरगी साडेअकराला घरातून निघणार आहे. साडेअकराचं गाव कुठे दाखवलंस?”

आक्षेप बिनतोड होता. मी म्हणालो, “साडेअकराला मी कोणाला बाहेर नेणार नाही.”

“मग ती कशी जाणार?”

“जातात लोक.”

“तू सांग ना, पाठवू का नको?”

“मुलगी तुझी आहे,” मी म्हणालो आणि कूस बदलली. पुतणी त्या वेळी घरात नव्हती. शेजारच्या घरी तिच्याच वयाची, बँकेत काम करणारी एक मुलगी आहे; त्या आठवड्यात ती रजेवर होती. दोघींचे चांगले जमले होते. ‘शेजारी बसले आहे’ असा निरोप देऊन पुतणी गेली होती. आम्ही तो निरोप जसाच्या तसा खरा मानला.

शनिवारी बाराच्या सुमारास भावजय माझ्या खोलीच्या दाराशी आली. “भाऊजी, हे अकराला ‘जरा कोपऱ्यावर जाऊन येतो’ म्हणून गेलेत. अजून आले नाहीत. फोन चार्जिंगलाच आहे.”

तो कोठे गेला असेल, याचा मला विचार करावा लागला नाही. मेट्रोने दोन स्थानके, तेथून रुग्णालयापर्यंत पायी. मुलीला जो रस्ता चालावा लागेल, तो स्वतः चालून पाहायला तो गेला होता. टोपी खुंटीवर होती. मे महिन्यात दुपारी बाराला मी घराबाहेर पडत नाही. त्या दिवशी छत्री घेतली, मोठा रुमाल भिजवून डोक्याला गुंडाळला आणि पडलो.

स्थानकातून बाहेर आल्यावर रस्ता पांढरा दिसत होता. झाडावर पक्षी नव्हता. पावणेएकच्या सुमारास अर्ध्या वाटेवर एका कडुनिंबाखाली पाणपोई लागली. लाल कापड गुंडाळलेले चार रांजण होते, वर गवताचे छप्पर, शेजारी स्टुलावर एक म्हातारी. आणि रांजणांपाशी, डोक्यावर ओला गमछा, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, हातात लांब दांड्याचे ओगराळे, असा माझा भाऊ एका सायकलवाल्याच्या ओंजळीत पाणी ओतत उभा होता.

म्हातारीने माझ्याकडे पाहिले. “तूच का गा याचा मोठा भाऊ?”

“होय.”

“ध्यान ठेवत जा. लहान लेकरू सुटल्यावानी डोक्सं उघडं टाकून चालला होता. मी म्हनलं, मराले निंगाला का? बस इथं.”

“दादा, ही बाई मला जाऊ देत नाही,” भाऊ हळू आवाजात म्हणाला. सुमारे तीस वर्षांत माझ्याखेरीज त्याला कोणी अरे-तुरे केलेले नव्हते.

“चक्कर येऊन राहिली होती त्याले,” म्हातारी मला म्हणाली. ती नागपूरजवळच्या कुहीकडची, मोहल्ल्यातल्या बायांनी मिळून ही पाणपोई लावली होती, आणि दुपारची पाळी तिची होती. “कपाळावर पानी मारलं, गूळ देला. बरा झाला त मंग म्हनलं, बसून काय राहिला, लोकायले पानी दे. काम बरं करते, पन धार मोठी सोडते. लोकायच्या नाकात घालते.”

“मास्तर आहेत ते,” मी म्हणालो.

“मंग बरोबर,” ती म्हणाली.

भावाने तिला सर्व काही सांगितलेले दिसले. मुलगी, नोकरी, दुपारचे बारा, सोमवार. कारण ती पुढे त्याला म्हणाली, “मले एक सांग गा. नोकरी पोरीले कराची हाय का तुले?”

“तिला.”

“मंग ऊन तू काहून मोजून राहिला?”

भावाने ओगराळे रांजणात बुडवले आणि ते भरायला आवश्यकतेपेक्षा जास्त वेळ घेतला.

तेवढ्यात एक स्कूटर येऊन थांबली. दोन मुली होत्या. येथील मुली उन्हाळ्यात ओढणीने डोके, तोंड, मान सर्व बांधून घेतात, वर काळा चष्मा, हातांत कोपरापर्यंत मोजे. पुढची कोण आणि मागची कोण, हे जन्मदात्यालाही कळू नये असा तो पोशाख असतो. स्कूटर मात्र मी ओळखली. ती रोज माझ्या फाटकासमोर उभी असते. चालवणारी मुलगी उतरली, मोजे काढले, तोंडावरची ओढणी हनुवटीपर्यंत खाली घेतली आणि भावासमोर ओंजळ धरून वाकली. मी छत्री थोडी पुढे झुकवून तोंड झाकले.

भावाने पाणी ओतले. वर त्याला राहवले नाही. “बाळ, एवढ्या उन्हात कशाला बाहेर पडलीस? घरी वडील नाहीत का?”

ओंजळीतले पाणी मुलीच्या नाकात गेले. ती खोकत सुटली.

“म्हनलं ना, धार बारीक सोड!” म्हातारी ओरडली.

मुलीने चष्मा काढला. “आहेत की, बाबा,” ती म्हणाली. “पाणी वाढतायत.”

मागे बसलेली शेजारची मुलगी स्कूटरवर डोके टेकून हसत होती. भाऊ ओगराळे धरून तसाच उभा राहिला. त्यातले उरलेले पाणी त्याच्या बुटावर सांडले.

“कुठे गेली होतीस?” त्याने विचारले.

“हॉस्पिटलला. घरापासून किती वेळ लागतो ते बघायला. अकरा मिनिटं. काल बारा लागली होती, एक वळण चुकलं.”

“काल?”

“काल पण आले होते.”

“चक्कर आली?”

“नाही.”

“डोकं दुखलं?”

“नाही, बाबा.” तिने त्याच्या गमछ्याकडे पाहिले. “तुमचं?”

त्याने गमछा कपाळावर खाली ओढला. म्हातारीने एकदा त्याच्याकडे आणि एकदा मुलीकडे पाहिले. “तूच का वं ते लेकरू, ज्याच्यासाठी हा मरून राहिला होता?” असे म्हणून तिने मुलीला गुळाचा खडा दिला.

भाऊ ओगराळे जागेवर ठेवून स्कूटरजवळ गेला. शेजारच्या मुलीला तो म्हणाला, “तू दादांबरोबर मेट्रोने ये, बाळ. मला जरा हिच्याबरोबर जायचंय.” तो मुलीच्या मागे बसला. म्हातारी उठली, आणि त्याचे कान व तोंड तिने त्याच गमछ्याने आवळून बांधले. मग तोही त्या पोशाखातला एक झाला. स्कूटर घराच्या दिशेने न जाता रुग्णालयाच्या दिशेने वळली.

शेजारची मुलगी आणि मी एका छत्रीतून परत आलो. भावजयीला मी सांगितले की तो सापडला आहे आणि उपयोगी पडतो आहे. ती दोघे दोन वाजता आली. भावाचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता. त्याने आधी तीन पेले पन्हे घेतले.

“सोमवारपर्यंत कशाला थांबायचं,” तो म्हणाला. “तिथेच आत जाऊन हो म्हणून आलो. तीच बोलली. मी बाहेर बाकावर बसलो होतो.”

भावजय आत जाऊन साखर घेऊन आली. पुतणी मोजे घडी करत होती, मग तिने ते उलगडून पुन्हा घडी केली.

“राहणार कोठे?” मी विचारले.

भाऊ पुतणीकडे पाहू लागला, पुतणी माझ्याकडे. “मोठे काका, ते तुम्हांला विचारायचं राहिलंच,” ती म्हणाली.

मागच्या खोलीत माझी जुनी मासिके आहेत, ती चाळून लावल्याशिवाय हलवता येणार नाहीत, या कामाला निदान महिना लागेल, असे मी सांगितले. ते सर्व दुपारचे झोपल्यावर मी ती खोली रिकामी करायला घेतली. पाच वाजेपर्यंत काम संपले. मासिके चाळली नाहीत.