एका चहाचं नाणं

आखातातल्या हवल्ली गावात, चांदीच्या दुकानात चंद्रहास पेडणेकर कैक वर्षं दागिने घडवत होता. मालक अरब, गिऱ्हाईक सतरा देशांचं, आणि मराठी म्हणाल तर औषधालाही नाही. बायको सुहासिनी वेंगुर्ल्याला. तिच्याशी बोलणं फोनवर, तेही मीटरकडे डोळे लावून. एरवी माणूस मुकाच. अपवाद एकच. शुक्रवारी संध्याकाळी तेल कंपनीतले आलोक साहेब यायचे, पुण्याचे. विकत काही घेत नसत. स्टुलावर बसून चहा पीत आणि जुन्या नाण्यांच्या गप्पा हाणत. चंद्रहासला नाण्यांत काडीचा रस नव्हता. रस होता तो त्यांच्या ‘काय काका, कसं काय?’मध्ये.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात साहेबांनी लंडनहून एक काळं पडलेलं चांदीचं नाणं आणलं.

“हे सरकारी नाही, काका. दोनेकशे वर्षांपूर्वी तिकडे सुट्ट्या नाण्यांची टंचाई झाली. मग गावोगावच्या दुकानदारांनी आपल्या नावाची नाणी पाडली. परत आणलंत तर मोबदला देऊ, असा शब्द. गावाबाहेर मात्र त्याला कोणी विचारत नसे.”

त्यासाठी चांदीची डबी करून द्या, म्हणाले.

डबी झकास झाली. पण नव्या डबीत हे काळं ध्यान? सोनाराचाच हात तो, शिवशिवला. चंद्रहासने मायेने नाण्याला उजाळा दिला, यंत्रावर धरून पार लख्ख केलं. आधीच झिजलेलं दुकानदाराचं नाव त्यात साफ गेलं. अहो, जुन्या नाण्याला हात लावायचा नसतो, हे त्याला कोणी सांगितलं होतं?

साहेब ओरडले असते तर परवडलं असतं. “असू दे, काका,” एवढंच म्हणाले, आणि पुढच्या शुक्रवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांचा पत्ता ठाऊक नाही, फोन ठाऊक नाही. असा हा जिवाभावाचा माणूस! चंद्रहास दर शुक्रवारी दोन चहा सांगत राहिला. एकटेपण आधीही होतं, आता ते खायला उठलं. शेवटी पदरची चांदी घालून त्याने एक नाणं घडवलं आणि त्यावर कोरलं: ‘हे दाखवणाऱ्यास एक चहा. चंद्रहास, हवल्ली.’

उन्हाळ्यात एका शुक्रवारी साहेब आले. कायमचे पुण्याला निघाले होते. चंद्रहासने आपलं नाणं पुढे सरकवलं. त्यांनी वाचलं, हसले, आणि वरच्या खिशात टाकलं.

“बसा ना. चहा सांगितलाय.”

“नको, काका. चहा घेतला तर हे परत द्यावं लागेल.”

ते गेल्यावर चहा आला. चंद्रहासने दोन्ही कप संपवले. दुसरा पार गार झाला होता.